लॅबमधले रांगणारे मासे

सातवीण फुलली की माझं डोकं फिरतं. त्या वासानं डोकं दुखतं असं लोक म्हणतात. माझं दुखत नाही, फिरतं. शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना कुणीतरी हौसेनं ही झाडं लावून ठेवली आहेत. पाऊस आवरला, ऊन पुन्हा उन्हाळ्यासारखं भाजायला लागलं, की संध्याकाळी त्यांचा गोड, जड, घशाला चिकटणारा वास विक्रोळीवर उतरतो. वारा कांजूरकडून असेल तर त्यात कचऱ्याचा वास मिसळतो, ओहोटी असेल तर खाडीच्या चिखलाचा. पुस्तकात याला शरद ऋतू म्हणतात आणि चांदणं वगैरे दाखवतात. आम्ही याला ऑक्टोबर म्हणतो आणि घाम पुसतो.

परवा त्याच वासात फाटकाशी उभी होते आणि फोनवर मेसेज आला. यंदाच्या चाचणीची लिंक. खाली तीच जुनी ओळ, कोणत्याही कॉम्प्युटरवर, कोणत्याही ब्राउझरवर चालते. मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं शिवी दिली. कुठली ते लिहीत नाही, शाळेत शिकवते मी. शेजारची फुलवाली हार ओवता ओवता थांबली आणि म्हणाली, "काय झालं बाई?" तिला काय सांगणार? मासे आठवले, असं?

मी मराठी माध्यमाच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आमची लॅब सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. वर गच्ची तापते आणि ती उष्णता खाली मुलांच्या डोक्यावर येते. एसी आहे. तो पाहुणे आले की लावतात, आणि पाहुणे वरच्या मजल्यापर्यंत चढत नाहीत. कॉम्प्युटर कुठल्यातरी कंपनीनं वापरून झाल्यावर दिलेले. शिवणाच्या तासाला मुलींनी त्यांना फुलाफुलांच्या कापडाचे अभ्रे शिवलेत. मुलं दाराबाहेर चपला काढतात, अभ्रे घडी करून ठेवतात, मग बसतात. प्रत्येक मशीनला नाव आहे. एक आजोबा, एक रुसूबाई, एक दुपारी झोपणारा कुंभकर्ण. खंडेनवमीला सगळ्यांची पूजा होते, पडद्यांना झेंडूच्या माळा चढतात आणि नारळ फोडायचा मान मुलांनी माझ्याकडे दिलाय. मी मरोळ गावठाणातली, घरी क्रॉस, पण नारळ एका फटक्यात फोडते. नंतर आठवडाभर आम्ही पंख्याच्या जाळीत अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या चिमट्यानं काढत बसतो.

आणि लॅबचा एक नियम आहे. एकदा दाबायचं आणि थांबायचं. हा नियम माझ्या आधीपासूनचा आहे. मोठी मुलं लहान मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतात. कारण सरळ आहे. आजोबांना एकदा सांगितलेलं कळतं, फक्त वेळ लागतो. घाई करून पुन्हा पुन्हा दाबलं तर ते सगळे हुकूम साठवून ठेवतात, शेवटी गोठतात, आणि अख्खा तास बंद-चालू करण्यात जातो. म्हणून आमची मुलं बटण एकदा दाबतात, हात मांडीवर ठेवतात आणि पडद्याकडे बघत राहतात. बाहेरचं कुणी आलं की म्हणतं, केवढी शिस्त! शिस्त कसली, सवय आहे. पण मला ती आवडते. मशीनशी असं वागणारी मुलं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

तीन वर्षांपूर्वी पाऊस संपता संपता एका संस्थेची माणसं आली. हुशार मुलं निवडून त्यांना शनिवारी मरोळला गणिताचे खास वर्ग देणार होते, पुढे बारावीपर्यंत हात धरणार होते. निवड परीक्षेनं नाही, खेळातून. मुलं घाबरू नयेत म्हणून, असं अनिकेत म्हणाला. अनिकेत हा त्यांचा माणूस, चुणचुणीत, गोड बोलणारा. मुख्याध्यापिकाबाईंच्या केबिनमध्ये एसी लावला, लिंबू सरबत आलं, आणि त्यानं आपल्याच नव्याकोऱ्या लॅपटॉपवर खेळ उघडला. निळं पाणी, त्यात रंगीत मासे, प्रत्येक माशाच्या पोटावर एक आकडा. वर गणित येतं, त्याचं उत्तर असलेल्या माशावर क्लिक करायचं. मासे असे सळसळत होते की मुख्याध्यापिकाबाई टाळ्या वाजवायला लागल्या. मी विचारलं, "आमच्या लॅबमध्ये चालवून बघायचं का?" अनिकेत म्हणाला, "मॅडम, ब्राउझरमधला गेम आहे. काही इन्स्टॉल नको, कुठेही चालतो." आणि सरबत संपवून गेला.

कुठेही चालतो. हे वाक्य मी तेव्हापासून चावून चावून चोथा केलंय. नव्या लॅपटॉपवर चालतो. पवईच्या टॉवरमधल्या एखाद्या मुलाच्या टेबलावर धावतो. माझ्या फोनवर थोडा अडखळतो. चाचणीच्या दिवशी आमच्या आजोबांवर तो रांगत होता. पाणी निळं व्हायचं तेच मुळी तुकड्या-तुकड्यांनी. मासा इथे दिसायचा, मग नाही, मग पुढे दिसायचा. मुलगी क्लिक करायची ते त्याच्यावरच, पण खेळाला ते कळेपर्यंत मासा पुढे गेलेला असायचा आणि तिथे आलेला असायचा भलताच. कधी तर पहिल्या गणिताचं क्लिक दुसऱ्या गणिताला लागायचं. आणि या सगळ्यात कोपऱ्यातलं घड्याळ मात्र व्यवस्थित पळत होतं. त्याला काही उकडत नव्हतं.

समीक्षा रुसूबाईवर बसली होती. समीक्षा तेव्हा सहावीत. तिची आई कल्पना, मूळची जालन्याकडची, कांजूरच्या एका गोदामात पॅकिंगला जाते. या मुलीला आकडे दिसतात. म्हणजे आपल्याला जसे चेहरे दिसतात तसे. वर्गात मी बेरीज फळ्यावर लिहून मागे वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं, आणि ते ओरडून न सांगता शेजारणीला आधी विचारायची, "तुझं झालं का?" ती निवडली जाणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मुलांनी तर आधीच तिला चिडवायला सुरुवात केली होती, मरोळची मॅडम म्हणून.

मी तिच्या मागेच उभी होते. गणित आलं. तिनं मासा बघितला, क्लिक केलं, हात मांडीवर ठेवले. थांबली. कपाळावरून घाम भुवईत उतरला, तो तिनं खांद्यानं पुसला. माऊस ओला होऊ नये म्हणून हात फ्रॉकला कोरडा केला. रुसूबाई अजून विचार करत होती. तिकडे घड्याळ संपलं. पुढचं गणित. पुन्हा क्लिक, पुन्हा हात मांडीवर. तिचा चेहरा शांत होता, कारण तिला वाटत होतं की आपण बरोबर करतोय. ती बरोबरच करत होती. मला मागून ओरडावंसं वाटत होतं, पण चाचणीत बोलायचं नाही अशी सूचना होती. अशा सूचना मी पाळते. का पाळते, देव जाणे.

हा राग माझा एकटीचा आहे असं नाही. मशीननं आपल्याला ओळखू नये याचा राग प्रत्येकाला कधीतरी येतो. अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून रेशनच्या रांगेतून परत फिरलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांना निदान माहीत असतं की अंगठा आपलाच आहे. लहान मुलांना ते माहीत नसतं. पडद्यानं सांगितलं ते त्यांना खरं वाटतं. मोठ्यांनाही वाटतं, फक्त मोठे कबूल करत नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर मी माझ्या भावाला धरलं. नेल्सन फोनवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, या संस्थेशी त्याचा संबंध नाही. अंगणात खुर्ची टाकून तो सुरमईचा तुकडा चघळत बसला होता. चाचणी चालू असताना फोनवर काढलेला व्हिडिओ मी त्याला दाखवला.

"हे इंजिनचं लफडं आहे," तो म्हणाला.

"नीट सांग."

"गेमचं इंजिन म्हणजे चित्रं काढणारा गडी समज. सेकंदात कितीदा तरी नवं चित्र काढतो आणि दर चित्रात मासा थोडा पुढे सरकवतो. मशीन दमदार, तर चित्रं भराभर, मासा पळतो. मशीन थकलेलं, तर चित्रं थोडी, मासा रांगतो. त्यात तुमचा ब्राउझर जुना. नवा ब्राउझर चित्रांचं काम वेगळ्या चिपवर टाकतो, तुमचा सगळं एकाच बिचाऱ्याकडून करून घेतो. आणि या गरमीत मशीन तापलं ना, की जीव वाचवायला स्वतःच अजून हळू होतं."

"आणि घड्याळ?"

"ते वेगळं. ते खऱ्या वेळेवर चालतं. क्लिकसुद्धा चित्राचीच वाट बघत बसतं, पण घड्याळ थांबत नाही."

"म्हणजे मासा आमच्या मशीनच्या चालीनं आणि घड्याळ त्यांच्या मशीनला झेपेल अशा चालीनं?"

"बरोब्बर."

"मग नवा ब्राउझर टाकते."

"तुझ्या मशीनवर बसणारच नाही तो. वाट लागलेली मशीन आहेत ती."

"मग हे त्यांच्यापैकी कुणाला दिसलं नाही?"

"कसं दिसणार गं? ऑफिसात सगळ्यांची मशीन नवी. तिथे मस्त पळतं. आमच्याकडेही असंच होतं ना."

त्यानं ते इतक्या सहज सांगितलं की मी त्याच्यावरही चिडले. दिसणार कसं? बघायला जायचं. मरोळहून विक्रोळी म्हणजे काय चंद्र आहे? एक बस येते. जिना चढायचा, चपला काढायच्या, रुसूबाईसमोर बसायचं. पण यांना कुठेही चालतं हे लिहायला चंद्रावर बसूनही जमतं. नेल्सन म्हणाला, माझ्यावर कशाला ओरडतेस, आणि ताट उचलून आत गेला.

दिवाळीच्या सुट्टीआधी निकाल आले. रंगात. हिरवी मुलं निवडलेली, पिवळी काठावर, लाल म्हणजे सावकाश शिकणारी, यांना जादा मदत द्यावी. आमची शाळा जवळजवळ सगळी लाल होती. समीक्षा लाल. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "जरा मेहनत वाढवायला हवी हो आपण." मी व्हिडिओ पाठवला. संस्थेकडून उत्तर आलं, तुमचं इंटरनेट स्लो असेल. नव्हतं. मग म्हणाले, हिस्टरी क्लिअर करून बघा. केली. मग म्हणाले, ब्राउझर अपडेट करा. होत नाही म्हटल्यावर उत्तर आलं की हा शाळेच्या पातळीवरचा प्रश्न आहे. केवढं सोयीचं वाक्य! हुशारी दिसली तर ती त्यांच्या खेळानं शोधलेली, आणि खेळ रांगला तर तो शाळेचा प्रश्न.

पालकसभेला कल्पना आली. गोदामातून थेट, हातावर चिकटपट्टीचे डाग. मी तिला समजावलं, मशीनची चूक आहे, पोरीची नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमचा जीव आहे तिच्यावर म्हणून तुम्ही म्हणता. पण मशीन कशाला खोटं बोलल? त्याला काय आमच्या पोरीशी दुश्मनी हाय?"

दुश्मनी असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

सुट्टीतल्या एका शनिवारी, कल्पनाला विचारून, मी समीक्षाला घेऊन मरोळला गेले. पवईवरून बस. मी तिला सांगितलं, तोच खेळ आपण त्यांच्या मशीनवर खेळून बघणार आहोत. ती म्हणाली, "हो बाई," आणि खिडकीबाहेर बघत बसली. आईच्या धुतलेल्या ओढणीनं तिनं केस बांधले होते.

त्यांचं ऑफिस जुन्या कारखान्याच्या जागेत आहे. आत गारेगार. भिंतीवर सरकारी शाळेतल्या हसऱ्या मुलांचे मोठाले फोटो. आमच्या मुलांइतकीच हसरी, पण कुणाला घाम आलेला नाही. अनिकेतनं आम्हाला ओळखलं, पाणी दिलं. मी आवाज चढवायच्या आतच म्हणाला, "मॅडम, खेळू दे ना तिला, आमची काय हरकत?" आणि एका वळणदार, भल्यामोठ्या पडद्यासमोर तिला बसवलं.

मासे सुटले. आमच्याकडे रांगणारे तेच मासे इथे पिसाटल्यासारखे पळत होते. नेल्सननं हेही सांगितलं होतं, की अशा दांडग्या मशीनवर मासे हवे त्याहून जोरात पळतील. समीक्षानं एका माशावर क्लिक केलं आणि हात मांडीवर ठेवले. मासा तिथल्या तिथे फुटला, बुडबुडे आले. ती दचकली. मागे वळून मला म्हणाली, "झालं?"

"झालं. पुढचं घे."

मग ती हसली. मग तिनं हात मांडीवर ठेवलेच नाहीत. एवढ्या वेगानं पळणारे मासे, आणि ती एकेक अचूक टिपत होती. शेजारच्या टेबलांवरची दोन-तीन पोरं उठून बघायला आली. एक म्हणाला, "अरे, ही तर आपल्यापेक्षा फास्ट आहे यार." पडदा हिरवा झाला. नुसता हिरवा नाही, वर चांदण्या उडाल्या.

"बघितलंत मॅडम?" अनिकेत खूश होऊन म्हणाला. "आपला गेम बरोबरच आहे."

"गेम बरोबर आहे. मग त्या दिवशी कोण चुकलं होतं?"

"असं नाही हो. हिला आम्ही स्पेशल केस म्हणून घेतो ना. आजच नाव टाकतो."

"आणि बाकीची मुलं?"

"मॅडम, सगळ्या शाळांना सेम गेम दिला होता. सेम म्हणजे फेअर. आणि तक्रार तर तुमचीच एकटीची आली."

मला त्या क्षणी तो पडदा उचलून आपटावासा वाटला. सेम. उन्हात उभं केलेल्याला आणि सावलीत बसवलेल्याला एकाच घड्याळानं मोजायचं आणि त्याला सेम म्हणायचं. मी बोलले. बरंच बोलले, मरोळच्या बोलीत बोलले, गावठाणातल्या बायका नळावर बोलतात तसं. तो मान हलवत ऐकत राहिला, मधेच घड्याळाकडे बघत. शेवटी मीच दमले. त्यानं समीक्षाचं नाव घातलं, तिचा फोटो काढला, आणि पुढच्या वर्षीसाठी फीडबॅक नक्की देतो म्हणाला. तो फीडबॅक कुठे गेला ते परवा फाटकाशी उभी असताना मला कळलंच.

आता समीक्षा नववीत आहे. शनिवारी वर्गाला जाते. मार्क चांगले आणते. लोक मला म्हणतात, झालं की तुमच्या मनासारखं, आता कशाला तणतणता? बाकीच्या मुलांना कुणी परत बोलावलं नाही, हे त्यांना सांगून झालंय. पण समीक्षाबद्दलही माझ्या मनासारखं झालेलं नाही. उत्तर तिला अजूनही आधी येतं. फक्त आता ते आलं तरी ती शेजारणीच्या वहीत डोकावते, आपलं जुळतंय का बघते, मगच लिहिते. पूर्वी ती शेजारणीसाठी थांबायची. आता स्वतःसाठी थांबते. हा फरक मार्कांत दिसत नाही.

त्या शनिवारी परतताना बसला खिडकीची जागा मिळाली. पवईचा तलाव मागे पडला, ऊन तिरपं झालं होतं. मी अजून रागात होते, पण जिंकलेही होते. पिशवीतून चिक्की काढून तिला दिली आणि म्हटलं, "बघितलंस ना? तू लाल नाहीस. मी सांगत होते."

तिनं चिक्की अर्धी मोडून मला दिली. "तिथलं मशीन भारी होतं ना बाई, म्हणून जमलं."

"अगं वेडे! आणि शाळेत लाल आलं ते?"

मी एवढं सोपं कसं विचारते, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं.

"ते माझं होतं."